शिंपांची वाट

"ह्या मालवण," बायको म्हणाली आणि तिने पहिली शिंप जमिनीवर पालथी घातली.

मागीलदारी आम्ही दोघं तिसऱ्या, म्हणजे खाडीतल्या शिंपल्या, फोडत बसलो होतो. ती आदोळीच्या पात्यावर फोडायची, मी रिकाम्या शिंपा माडाच्या आळ्यात टाकायचो. दिवाळी होऊन चार दिवस झाले होते. माझ्या हातातल्या शिंपा तिने काढून घेतल्या आणि एकेक मांडत गेली. "ह्या निवती. थंयचा दीपगृह बघूचा. ह्या वेंगुर्ला. ह्या तेरेखोल, हयसर खाडी तरीतून पार करूची. ह्या म्हापसा. ही आपली देवी. आणि ह्यो धबधबो." सात शिंपा झाल्या. आम्ही नवराबायकोने मिळून केलेलं ते शेवटचं काम. तेव्हा मला ते नुसतं तिसऱ्या फोडणं वाटलं.

मालवणच्या मासळीबाजारात तुम्ही कधी गेला असाल तर तिला बघितलं असेल. गिऱ्हाईक विचारायचं, "बांगडे कशे दिलंस गो?" ही उलट विचारायची, "तुमचा माहेर खंयचा?" माहेर गोव्याकडचं निघालं की बांगडे राहिले बाजूला. वाटेत नद्या किती, होडी कुठे मिळते, देवळात उतरायला जागा आहे का, जत्रेत दशावतार कोणत्या दिवशी, सगळं विचारून घ्यायची. मागची गिऱ्हाइकं ओरडायची. ही म्हणायची, "बांगडे खंय पळान जातत?"

लिहिता तिला येत नव्हतं. सगळं डोक्यात.

मचव्यावरचा एक खलाशी होता. त्याने तिला सांगितलं, गोव्याच्या डोंगरात दुधासारखा धबधबा आहे आणि त्याच्या अगदी अंगावरून आगगाडी जाते. हिने आगगाडी पाहिली नव्हती, धबधबाही नाही. दोन्ही एकाच ठिकाणी मिळतात म्हटल्यावर तिने त्याला दोन चांगले बांगडे दिले. दुसऱ्या दिवशी तो पुन्हा हजर. आणखी एक धबधबा सांगायला लागला, त्याहून मोठा. ही म्हणाली, "कालचो धबधबो देवान पाडलो. आजचो तू बांगड्यांसाठी पाडलंस. चल, वाट धर."

आमची कुळदेवी गोव्यात. लग्न झाल्यावर नव्या सुनेने तिची ओटी भरायची, असा आमच्या घरातला रिवाज. आमच्या लग्नात बापाचं आजारपण आलं, मग त्याचं मरण, ओटी राहूनच गेली. हिरवा खण तिने पेटीत जपून ठेवला होता. पण ओटी हे निमित्त. खरं सांगायचं तर तिला जग बघायचं होतं. आगबोटीने जाऊ म्हटलं तर म्हणायची, "आगबोट नुसती पळता. मचवो प्रत्येक बंदराक टेकता. माका टेकत टेकत जावचा आसा."

मधे काही वर्षं हद्द बंद होती. पलीकडे फिरंगी, अलीकडे पोलीस. शेजारणी हसायच्या, "गो, तुजी वाट फिरंग्यान अडवल्यान." ती म्हणायची, "देवी त्येच्यापेक्षा म्हातारी आसा, ती काय खंय जाणा नाय. आदी वाट ठरांदे, पाय मागसून येतले." हे तिचं नेहमीचं बोलणं. दिवसातून चारदा तरी.

मग गोवा सुटला. त्यानंतरचा पावसाळा संपला, होड्या पुन्हा पाण्यात गेल्या, तशी ती माझ्यासमोर येऊन उभी राहिली. "आता?"

आमच्याकडे लांबच्या समुद्रवाटेला निघायचं तर गावदेवाचा कौल घेतात. गुरव देवाच्या अंगावर पाण्याने फुलाच्या पाकळ्या चिकटवतो, गाऱ्हाणं घालतो आणि सगळे वाट बघत बसतात. उजवी पाकळी पडली तर जा. डावी पडली तर राहा. तिचा बाजाराचा दिवस होता, म्हणून मी एकटा गेलो. गुरव गाऱ्हाणं संपवतोय तोवर उजवी पाकळी पडली. गुरव म्हणाला, "तांडेल, जावा. देव पाठीशी आसा."

मी घरी आलो आणि सांगितलं, "डावो पडलो."

का, ते सांगतो. मला जायचं नव्हतं. समुद्राची भीती नाही, त्याच्यात जन्म गेला. पण मी दुसरी नापास. पाटी वाचायची तर एकेक अक्षर लावत बसणार. आमच्या किनाऱ्यावर मी तांडेल, चार माणसं माझ्या शब्दावर जाळं सोडतात. परमुलखात मी कोण? पाटीखाली उभा राहून लोकांना विचारत फिरणारा अडाणी म्हातारा. मला त्याची लाज वाटायची. तिला एक अक्षर येत नव्हतं, पण ती कुणालाही काहीही विचारायची. लाज तिच्या गावीच नव्हती.

ती एवढंच म्हणाली, "देवाच्या मनात नाय तर नाय. वाट खंय जाता?" आणि त्या संध्याकाळी मला बांगड्याचं तिखलं करून वाढलं.

पुढच्या वर्षी पुन्हा उजवा पडला. मी पुन्हा डावा सांगितला. तिसऱ्या वर्षीही तेच. देवाला खोटं पाडायला पहिल्या वेळी मी लांबच्या वाटेने घरी आलो होतो. तिसऱ्या वेळी सरळ आलो, हे जास्त वाईट.

त्या दिवशी मागीलदारी सातवी शिंप मांडून झाल्यावर ती म्हणाली, "औंदा कौल घेवक जाव नकात. सरळ जावया."

"देवाक इचारल्याशिवाय?"

"देवान सांगूचा ता सांगान झाला."

मी खाली बघून म्हटलं, "बघूया." तिने माझ्याकडून जन्मभर सगळ्यात जास्त ऐकलेला शब्द हाच असेल. ती हसली, ओल्या हाताने पदर खोचला आणि तिसऱ्या घेऊन आत गेली. दिवेलागणीला तिच्या छातीत कळ आली. वैद्याला आणायला माणूस धावला. तो परत येण्याआधी सगळं आटपलं. तिसऱ्यांची कढी चुलीवर तशीच राहिली.

दुसऱ्या दिवशी कुणीतरी मागीलदार झाडायला घेतलं. मी त्याच्या हातातला झाडू काढून घेतला आणि शिंपांवर तिचीच मासळीची टोपली उपडी घातली.

तेरावं झालं. चौदाव्या दिवशी दुपारी गुरव भेटायला आला. पायरीवर बसला, पाणी प्यायला. मग म्हणाला, "तांडेल, एक सांगूचा आसा. तुमी कौल घेवन घराकडे गेलास की सांजेक ती येय. तेल घेवन. माका इचारी, 'उजवोच पडलो मा?' मी हो म्हणी."

"पयल्या वर्षी?"

"तीनय वर्षां."

मी विचारलं, "मगे माका बोलली कित्याक नाय?"

"मीय तेच इचारलंय. म्हणाली, 'तेंका पाटये वाचूची लाज वाटता. मी खोटां ऐकान घेतंय. पण चार माणसांत त्येंचा तोंड खाली जावक नको.'" गुरव उठला. जाताना वळून म्हणाला, "माका सांगलेली, तुमका कळूक नको म्हणान. आता ती नाय, म्हणान सांगलंय."

तुम्ही कधी असं माणूस पाहिलंय का? जग बघायची एवढी हौस, आणि नवऱ्याची लाज राखायला ती मागीलदारी शिंपांवर भागवली. मी पाहिलं नव्हतं. एका घरात राहून पाहिलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी टोपली उचलली. शिंपांना मुंग्या लागल्या होत्या. निवतीपासून धबधब्यापर्यंतच्या सहा पुसून खिशात घातल्या. मालवणची शिंप होती तिथेच ठेवली. पेटीतला हिरवा खण घेतला, आपल्या माडाचा एक नारळ घेतला, दाराला कडी घातली आणि बंदरावर गेलो. कौल घेतला नाही. देवाने सांगायचं ते सांगून झालं होतं.

धक्क्याला चार मचवे लागले होते. वर पाटी होती. सवयीने मी पहिलं अक्षर लावायला घेतलं. मग सोडून दिलं. बाजूला एक बाई सुंगटांची, कोळंबीची टोपली घेऊन बसली होती, आजूबाजूला दहाबारा माणसं, त्यातली निम्मी मला ओळखणारी. सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात मी तिला विचारलं, "गो बाय, माका वाचूक येणा नाय. निवतीक टेकणारो मचवो खंयचो?"