इर्जिकीला गडी चालत नाही

आमचे हे मंत्री झाल्याची बातमी घेऊन कर्जतहून एक जण सायकलवर आला, तेव्हा मी गोवऱ्या थापत होते. "वहिनी, तोंड गोड करा!" म्हणाला. मी म्हटलं, "आधी हात तर धुऊ द्याल?" लोकांना वाटलं, हिला काही कौतुकच नाही. कौतुक होतं की! पण आधीचं सगळं मला ठाऊक होतं. हे आधी नुसते शेतकरी. मग तालुक्याच्या सभांना जाणारे, मग सभेत बोलणारे, मग बेचाळीसच्या चळवळीत थेट तुरुंगात. दर वेळी शेतातलं यांचं थोडं थोडं काम माझ्या गळ्यात पडत गेलं. मंत्रिपदाने उरलंसुरलंही पडलं.

हे तुरुंगात असताना उन्हाळ्यात आमचं रान तसंच पडून होतं. जोडीतला एक बैल रोगाने गेलेला. गडीही काम सोडून गेला, कारण आमच्याकडे राबणाऱ्याला पोलीस येताजाता हटकायचे. सासूबाई म्हणाल्या, "यंदा ऱ्हाऊ दे पडीक." मला ते काही पटेना. रान पडीक राहिलं असतं तर हे हरले, असंच अख्ख्या गावाला दिसलं असतं. शेजारच्या वस्तीवर एक म्हातारे होते, सगळे त्यांना आबा म्हणायचे. त्यांच्या दारात जाऊन मी म्हटलं, "आबा, इर्जिक घालायची हाय. औतं येतील का?"

इर्जिक म्हणजे, ज्याचं अडलंय त्याच्या रानात सगळ्यांनी आपापली औतं घेऊन जायचं आणि एका दिवसात रान नांगरून द्यायचं. मजुरी घ्यायची नाही, पोटभर पुरणपोळी खायची. पुढे त्यांच्यातल्या कुणावर वेळ आली की आपल्या घरचं माणूस औत घेऊन जायचं. घरचंच माणूस हवं. गडी धाडला तर ती इर्जिक फिटत नाही.

पोलीस पाटलाने गावाला दम भरला होता. तरी आबा सगळ्यांच्या आधी औत घेऊन हजर! त्यांच्यामागून बाकीचे आले. दिवस मावळायच्या आत रान पुरतं नांगरून झालं. मी बांधावर उभी राहून रडले, आणि कुणी पाहतंय याची मला लाज वाटली नाही.

हे सुटून आले, पुढे निवडून आले, मंत्री होऊन मुंबईला गेले. दारात अर्ज घेऊन माणसं येऊ लागली. गावतळ्याचा बांध फुटला होता, त्याचा अर्ज तर गावाने तीनदा दिला. हे दर वेळी तो कारकुनाच्या हातात द्यायचे आणि म्हणायचे, "बघतो." चहा करून करून माझं डोकं उठायचं, आणि बांध आपला फुटलेला तो फुटलेलाच.

अशातच आबा बैलगाडीवरून पडले, पाय मोडला. त्यांना मुलगा नाही. त्यांनी इर्जिक घातली. मी यांना मुंबईला कळवलं, तर यांच्या कारकुनाचा निरोप आला: साहेबांना अधिवेशनामुळे येता येत नाही, एखादा गडी लावून घ्यावा. साहेब म्हणे! अस्सा संताप आला मला. ज्यांनी पोलिसांना न जुमानता आमचं रान नांगरलं, त्यांच्या रानात गडी धाडू? मला दीर नाही, पोरं लहान. मग घरचं माणूस राहिलं कोण? मी.

बाईने नांगराला हात लावला की पाऊस रुसतो, असं आमच्याकडे मानायचे. खुरपणी, कापणी, मळणी, सगळं बाईने करायचं, नांगर तेवढा धरायचा नाही. सकाळी मी पदर खोचला, बैल जुंपले आणि आबांच्या रानात गेले. सगळी औतं जागच्या जागी थांबली.

"वहिनी, आवो हे काय? पाऊस पडायचा न्हाई!" एक जण ओरडला.

"गेली दोन वर्षं तरी कुठं पडतोय? तवा कोन्या बाईनं नांगर धरला व्हता?"

"मंत्र्याची बायको तुमी. लोक काय म्हनतील?"

"मंत्री मुंबईत हायेत. हितं मी हाय!"

आबा लिंबाखाली बाजेवर पडून होते. ते तिथूनच गरजले, "घरचं मानूस आलंय ना? मग हाला की औतं! उन्हं वर आली."

माझ्या नांगराचं तास सापासारखं वाकडं जायचं. दुपारपर्यंत तळहाताला फोड आले, ते फुटले. पण मी नांगर सोडला नाही. संध्याकाळी पंगतीला आबांनी पहिली पोळी माझ्या पानात वाढायला लावली. आणि त्या साली पाऊस वेळेवर पडला, हे मी मुद्दाम सांगते.

अधिवेशन संपल्यावर हे मोटारीतून आले. झालेलं ऐकून ओशाळले, मला घेऊन आबांकडे गेले. म्हणाले, "आबा, कामामुळं जमलं नाही. पण इर्जिक फिटली ना?"

"फिटली की," आबा म्हणाले. "ती हिची व्हती. ही येकटी पडली म्हून आमी आल्तो. तिचं तिनं फेडलं. तुझी येगळी हाय."

"माझी कसली?"

"समद्या गावानं तुला मतं दिली न्हवं? ती बी इर्जिकच. आन तिथं तू कारकून धाडतोस."

यांची मान खाली गेली. मला यांची कीव आली. मग हे उठले, मोटार कर्जतला परत पाठवली, वहाणा हातात घेतल्या आणि चिखलातून तळ्याच्या फुटक्या बांधाकडे चालायला लागले. वाटेत ज्याला त्याला हाक मारत होते. माणसं फावडी घेऊन मागून निघाली.

मी घरी आले आणि पुरण शिजत घातलं.