शिवी आणि डिपर

मूर्तिजापूरजवळ बंद पडलेली माझी मोटार क्रेनमागे बांधून अकोल्याला ओढून नेणारा तो चालक, समोरून येऊन वाट देणाऱ्या प्रत्येकाला तोंडाने शिवी आणि दिव्यांनी आभाराचा डिपर देत होता.

"दोन्ही कशासाठी?" शेजारी बसलेल्या मी विचारले.

"शिवी त्याले आयकू येत नाई, साहेब. लाइट दिसते."

वाटणीवरून दुरावलेल्या भावाची क्षमा मागायला मी अकोल्यातल्या जठारपेठेत त्याच्या घरी चाललो होतो. त्याला माझे कठोर शब्द तेवढे स्पष्ट ऐकू गेले होते. माया मी सभ्यपणे मनातच ठेवली होती.

क्रेन पोचली तेव्हा भाऊ घराच्या फाटकापुढेच उभा होता. चालकाने सवयीप्रमाणे त्याला हळूच शिवी हासडली आणि डिपर दिला. भाऊ हसून फाटक उघडायला वळला. मी अजून शब्दच जुळवत होतो.