लग्नाशिवायचं घराणं

काही माणसांजवळ तासभर बसलं तरी घरी सांगायला दोन किस्से होतात. इथे आखातात, जुफैर भागात राहणाऱ्या लेडी रोझमंड त्यातल्या! वयाने सत्तरीपार, इंग्लंडच्या खानदानी. पुस्तकं लिहितात, आणि दर सोमवारी आम्हा सहा-सात बायकांना फ्लॅटवर बोलावून लिहायला बसवतात. मी जाते ती लेक, डायपर, थर्मामीटर आणि लेकीला सांभाळायला सासूबाई, असा लवाजमा घेऊन. लेकीला ताप कधीच नसतो. थर्मामीटर माझ्या समाधानासाठी असतो!

*

सासूबाईंचा पहिलाच प्रश्न, "विचार गं त्यांना, घराणं कुठलं?"

मी विचारलं.

"राजाचं," लेडी म्हणाल्या.

सासूबाईंनी पदर सावरला.

"राजा आणि नाटकातली एक नटी. लग्न नव्हतं झालं!"

इथे माझं भाषांतर अडखळलं. पण 'नो मॅरेज' सासूबाईंना कळतं.

*

पुढच्या सोमवारी सासूबाई पुन्हा, "मग ह्यांनी तरी का नाही केलं लग्न?"

लेडी शांतपणे म्हणाल्या, "आमच्या घराण्यात तशी पद्धत नाही!"

*

माझा लेख वाचून लेडींनी विचारलं, "ह्यातली नावं खरी आहेत?"

"नाही, बदललीत. घरातलं बाहेर लिहायचं नाही, असं सासूबाईंनी बजावलंय."

"हरकत नाही. लिहिणारी भित्री आहे, तेवढं मात्र खरं उतरलंय!"

*

मग लंडनहून लेडींचा पुतण्या आला. येणाऱ्या पुस्तकातलं नटीचं प्रकरण काढून टाक, म्हणून आमच्यादेखतच हटून बसला. "घराण्याचं नाव जाईल!"

लेडींनी त्याच्या कपात चहा ओतला. "राजाला स्वतःचं नाव द्यायचं नव्हतं, म्हणून त्याने आपल्याला हे घराण्याचं नाव दिलं. त्याची कसली लाज राखतोस? प्रकरण राहणार. खलास! चहा घे."

सासूबाईंनी माझ्याकडून शब्दन् शब्द समजून घेतला. टॅक्सीत बसल्यापासून आमच्या घराचा भाग, झिंज, येईपर्यंत त्या जपमाळ ओढत होत्या. संपलं, आता सोमवार बंद!

लिफ्टमध्ये त्यांनी लेकीचं टोपरं सारखं केलं.

"माझ्या पणजीचंही लग्न झालं नव्हतं," त्या म्हणाल्या. "सगुणा. लिही. आणि नाव बदलू नकोस!"