ड्रॅगनची रांग

रोंडा हागेडॉर्न दिवसभर खुर्च्यांना कापड चढवायची आणि लक्ष तिचं असायचं फ्लोरिडात. कारखाना इंडियानातला, हातात स्टेपल गन, आणि टेबलाच्या कडेला टेकवून ठेवलेला फोन. त्या फोनवर फ्लोरिडातल्या पार्कमधला प्रत्येक पाळणा, प्रत्येक घसरगाडी, आणि त्या प्रत्येकापुढची रांग या घटकेला किती लांब आहे ते दिसायचं.

"काय म्हणतोय गं ड्रॅगन?" शेजारच्या टेबलावरची लोरीन डबा उघडता उघडता विचारायची.

"दोन तास."

"भर मंगळवारी? मेल्यांना कामधंदे नाहीत का!"

त्या टेबलांवरच्या एकाही बाईने ते पार्क पाहिलेलं नव्हतं. पण ड्रॅगन नावाची ती घसरगाडी बंद पडली की सगळ्यांचे चेहरे पडायचे, आणि रांग तासाच्या आत आली की टाळ्या! मुकादम येऊन विचारायचा, कोण जिंकलं? त्याला वाटायचं बास्केटबॉल चालू आहे.

हे वेड उगाच नव्हतं. रोंडाची लेक ट्रिना सैन्यात नर्स. तिची वर्षभरासाठी परदेशी रवानगी ठरली होती, आणि त्याआधी जेमतेम आठवड्याची रजा. त्यातले निम्मे दिवस कागदपत्रं आणि टोचण्या खाणार. उरलेल्यातला एक गुरुवार पार्कसाठी. एकच. ट्रिनाची पोर जोसी सात वर्षांची, आई नसताना आजीआजोबांकडेच राहणारी. वडील होते, पण ते केव्हाच वाटेला लागले होते. त्या जोसीने फोनवर आईला विचारलं होतं, "ड्रॅगनवर माझ्या शेजारी तूच बसशील ना?"

"मीच बसणार. दुसरं कोण?" ट्रिना म्हणाली होती.

झालं! शब्द लेकीने दिला आणि तो पाळायचं काम आईने अंगावर घेतलं. आता ड्रॅगन चुकला असता तर वर्षभर त्या पोरीला तोंड रोंडालाच द्यायचं होतं. आणि वर्ष तरी म्हणायचं कशाला, सैन्यातल्या माणसाचं काही सांगता येतं का? हे ती कुणाजवळ बोलायची नाही. बोलायची ते गर्दीबद्दल. एक साइट सांगायची कोणत्या दिवशी किती गर्दी. दुसरीत आपल्याला काय काय बघायचं ते टाकलं की ती कुठून कुठे चालायचं ते आखून द्यायची. पार्कवेड्यांचा एक ग्रुप होता. त्यात रोंडाने इतके प्रश्न विचारले की लोक तिला नावाने ओळखायला लागले. त्यांनीच बजावलं होतं की ड्रॅगनची वेळ आधी राखून ठेवायची, म्हणजे रांगेला वळसा घालून थेट आत. तुमच्या गुरुवारची नोंदणी अमुक दिवशी सकाळी सातला उघडते, आणि कॉफी गार व्हायच्या आत संपते.

तिचा नवरा डेल हे सगळं बघून हसायचा. "रॉन, आपण बागेत चाललोय की किल्ला सर करायला?"

"तुला शर्ट आवडला की नाही ते सांग." सगळ्यांसाठी तिने एकसारखे भडक केशरी शर्ट छापून घेतले होते, गर्दीत हरवायला नको म्हणून.

"झकास आहे. रस्त्याच्या कामावर उभा केला तर गाड्या मला वळसा घालून जातील!"

आता आमच्याकडच्या घड्याळांचं सांगायला हवं. आमच्या गावाबाहेरच्या ओढ्यावरून वेळेची हद्द जाते. ओढ्याच्या अलीकडचं घड्याळ पलीकडच्यापेक्षा एक तास मागे. कारखाना पलीकडे, घर अलीकडे. म्हणून आमच्यात लग्नाची पत्रिका आली तरी पहिला प्रश्न हाच, की पुढच्या वेळेने की मागच्या? फोनवर तर आम्ही काडीचा विश्वास ठेवत नाही. वारा फिरला की तो पलीकडचा टॉवर पकडतो आणि बसल्या जागी तासभर म्हातारा होतो. त्यामुळे घरोघरी भिंतीवरचं घड्याळ खरं. रोंडाच्या स्वयंपाकघरातलं घड्याळ तिच्या कामासाठी कायम पुढच्या वेळेवर असायचं, आणि फ्लोरिडाचीही वेळ तीच. म्हणजे चूक व्हायला जागाच नव्हती.

त्या सकाळी ती उठली, केस विंचरले, चक्क लिपस्टिक लावली. भिंतीवरचं घड्याळ साडेसहा दाखवत होतं. तिने कॉफी ओतली, लॅपटॉप उघडला, कार्डाचा नंबर समोर ठेवला, बोटं मोडली आणि पान उघडलं. गुरुवार. ड्रॅगन. जागा शिल्लक नाही.

तिने पान पुन्हा उघडलं. पुन्हा तेच. "उघडायच्या आधीच भरलं कसं? डेल! ए डेल! हे काय झालं रे?"

डेल दाढीला साबण लावलेला तसाच आला. त्याने पडद्याकडे बघितलं, मग भिंतीकडे बघितलं, आणि साबणाखालचा त्याचा चेहरा उतरला.

"रॉन... काल घड्याळ बंद पडलेलं. सेल मी बदलला. वेळ लावली ती माझ्या फोनवरून."

"आणि तुझा फोन?"

"मागच्या वेळेवर असणार. घरात होतो ना."

म्हणजे फ्लोरिडात साडेसात वाजून गेले होते. रोंडा मटकन खुर्चीत बसली. "तीस वर्षं! तीस वर्षं त्या घड्याळाला हात लावला नाहीस, आणि नेमकी कालच तुला बुद्धी सुचली?" बोलता बोलता तिला रडू फुटलं. "आता पोरीला काय सांगू मी? एकच दिवस आहे रे तिच्याकडे. एकच!"

डेलने तोंड धुतलं नाही, नाश्ता केला नाही. नंतर तो केव्हाही भेटला तरी हेच सांगायचा, की त्या दिवशी बायको ओरडत होती तोवर बरं होतं, रडायला लागली तेव्हा तोंडावरचा साबण वाळला तरी कळलं नाही.

कारखान्यात लोरीनने तिचं तोंड बघूनच ओळखलं. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "अगं, घेतलेल्या जागा लोक सोडतात की नाही?"

"सोडतात. पण सुटली की लगेच कुणीतरी उचलतं."

"मग ते कुणीतरी आपण होऊ. दे तो फोन इकडे. आणि माझ्यातही टाकून दे ते तुझं पान."

आणि मग जे सुरू झालं त्याला तोड नाही. कुणाची चहाची सुट्टी, कुणाची सिगारेटची, कुणाची नुसतीच पाय मोकळे करायची, जिची सुट्टी तिच्या हातात फोन आणि एकच काम: पान उघड, बघ, पुन्हा उघड. घरी डेल. तो तर टीव्ही बंद करून अंगठा चालवायचा. "माझ्या अंगठ्याला आता वेगळं पेन्शन लागू करा," असं म्हणायचा, पण थांबायचा नाही. मुकादमाने दोनदा दम भरला. तिसऱ्यांदा आला तो विचारायलाच, "मिळाली का?"

जाण्याच्या आदल्या आठवड्यात यंत्रांच्या खडखडाटात लोरीनची किंकाळी ऐकू आली. सगळ्यांना वाटलं बोटात स्टेपल घुसली. "मिळाली! रोंडा, मिळाली! पण दोनच आहेत, दोनच जागा. घेऊ?"

"घे गं बाई, घे! दोनच हव्यात!"

त्या दिवशी त्या बायका अशा काही नाचल्या की त्या पाळीतल्या खुर्च्यांचं कापड तपासायला हवं होतं असं मला आजही वाटतं.

गुरुवारी पार्कच्या दारात चार केशरी शर्ट उभे राहिले. जोसी तर रात्री तो शर्ट घालूनच झोपली होती. रोंडाने आखलेला रस्ता, राखलेली वेळ, सगळं हवं तसं जुळून आलं. जोसी आणि ट्रिना हात धरून आत गेल्या. खाली रोंडा मान वर करून उभी. ड्रॅगन डोंगरावरून सुसाट खाली आला तेव्हा तिला दोन केशरी ठिपके दिसले आणि ती इतकी ओरडली की शेजारच्या बाईने कान झाकले. "दिसल्या का? डेल, शेजारीशेजारी होत्या! बघितलंस का?"

"बघितलं गं," डेल डोळे पुसत म्हणाला. "माझं आता काय ते माफ कर."

"केलं, जा!"

तेवढ्यात दोघी बाहेर आल्या. जोसी उड्या मारत होती. ट्रिना हसत होती, केस विस्कटलेले, आणि हसता हसताच ती आईच्या गळ्यात पडली आणि तिथेच राहिली. तिच्या कानाशी अगदी हळू म्हणाली, "आई, मला नाही गं जायचं."

रोंडाने लेकीला घट्ट धरून ठेवलं.

जोसीला वाटलं, आई ड्रॅगनबद्दलच बोलते आहे. ती आईचा शर्ट ओढत म्हणाली, "दुसऱ्या वेळी नाही भीती वाटत, मम्मी. खरंच. परत जाऊ या ना!"

रोंडाने फोन बघितला. पुढची नोंद जेवणाची होती. पार्कमधल्या किल्ल्यातल्या हॉटेलचं टेबल, कित्येक महिने आधी राखलेलं. ड्रॅगनच्या साध्या, वेळ न राखलेल्यांच्या रांगेचा आकडा होता तीन तास. इतका मोठा आकडा तिने आजवर पाहिला नव्हता. असल्या आकड्याला कारखान्यातल्या बायकांनी केवढ्या शिव्या घातल्या असत्या!

"टेबल सोडून देऊ," ती म्हणाली. "चला, रांगेत. चौघंही."

"तीन तास?" डेलचा विश्वास बसेना.

"हो, तीन तास."

ते रांगेत शिरले. ट्रिनाच्या एका बाजूला जोसी, दुसऱ्या बाजूला आई. जोसीची बडबड सुरू झाली. शाळेतलं, मैत्रिणींचं, पडलेल्या दाताचं. ट्रिना एकेक विचारत राहिली. मध्येच खांबावरच्या पाटीवरचा रांगेचा आकडा बदलला. पुढचा माणूस वैतागून मागे वळला आणि म्हणाला, आता सव्वातीन तास झाले, काय हा छळ!

"वाढू दे," रोंडा म्हणाली, आणि लेकीचा हात आणखी घट्ट धरला.