साखर लिहिलेल्या प्लेटा

हे मी आजवर कुणालाच बोलले नाही. माझ्या तोंडाला कुलूप नाही, हे अख्ख्या गल्लीला ठाऊक. तरी एवढी एक गोष्ट आत राहिली. आणि आता वैताग आलाय—माझाच मला. किती वर्षं आव आणायचा माणसानं?

नांदेडच्या एका कॉलेजात, जंतूंच्या प्रयोगशाळेत मी कामाला होते. शिक्षण आठवी. पण बाटल्या धुता धुता, पोरींच्या वह्या चाळता चाळता शिकत गेले. जंतू वाढवायचं खाद्य—प्लेटांमध्ये जेलीसारखं थिजवतात ते—मीच शिजवायची. "आमच्या मावशींचा हात म्हणजे तराजू," असं विभागाच्या मॅडम आल्यागेल्याला सांगायच्या. लई गोड वाटायचं तेव्हा. आता ते वाक्य आठवलं तरी चिडचिड होते.

मुदखेडहून रेल्वेनं येणारी सुजाता नावाची पोरगी होती, शेवटच्या वर्षाला. वडिलांच्या शेतातल्या मातीतून तिनं एक जंतू काढलेला. तो स्वतःभोवती चिकट कवच करायचा. साखर भरपूर दिली की प्लेटेवर नुसते ओघळ. तार लावून उचललं की पाकासारखा धागा सुटायचा. साध्या खाद्यावर तोच जंतू सपाट, कोरडा. दोन महिने पोरगी हेच बघून राहिली होती, लिहून राहिली होती. बाहेरचे परीक्षक येणार होते. प्रकल्प त्यांना पटला, तर पुढच्या शिक्षणासाठी मॅडम तिचं नाव धाडणार होत्या.

तर—सांगते ना, सांगतेच आहे.

साखर खाद्यात मिसळून ऑटोक्लेव्हात, म्हणजे त्या मोठ्या कुकरात, जास्त तापली की सगळं चहासारखं लाल होतं. म्हणून साखर वेगळी, थोडाच वेळ तापवायची आणि मग मिसळायची. मला माहीत नव्हतं का? होतं! पण परीक्षकांना दाखवायच्या प्लेटा करायच्या त्या दिवशी कंटाळा केला, सगळं एकदमच चढवलं. लाल झालं. मॅडमची आधीच कटकट चाललेली—"मावशी, या खेपेला तरी स्वच्छ दिसू द्या." डोकं फिरलं माझं. ते फेकलं, सगळ्या प्लेटांत साधंच खाद्य ओतलं, आणि अर्ध्या प्लेटांवर लिहिलं—साखर.

मला वाटलं, कवच म्हणजे कातडी. एकदा आली ती आली. दोन महिने साखर खाल्लेला जंतू दोन दिवसांत विसरेल होय? इतकी वर्षं त्यांचं खाद्य शिजवून एवढं कळू नये? जंतू उगं कष्ट करत नाही. साखर उतू जात असेल तरच कवच विणतो. नसेल तर ते काम बंद, आणि पुढं निपजणारे उघडेच.

परीक्षकांसमोर प्लेटा उघडल्या. दोन्हीकडच्या कोरड्या. शाईत कालवून मायक्रोस्कोपखाली पाहिलं, तर काळ्या शाईत जंतूभोवती जी पांढरी कडा दिसायला पाहिजे, ती नाहीच.

"वहीत आहे ते इथं दिसत नाही, बाळ," परीक्षक म्हणाले. "घरी बसून लिहिलंस का?"

सुजाता माझ्याकडे वळली. "मावशी, साखर घातली होती ना?"

काय अवघड होतं? नाही म्हणायचं होतं फक्त. मी म्हणाले, "हाव. घातली की."

"मावशींवर ढकलू नकोस!" मॅडम फाडकन बोलल्या.

तिचं नाव गेलं नाही. दुसऱ्या दिवशी मी त्याच प्लेटा धूत होते, तर ही येऊन उभी. "मावशी, तुमच्यावर शंका घेतली. रागावू नका." मी म्हणाले, "नाही गं, राग कसला?"—बघा माझा मोठेपणा!

आता ती मुदखेडात शिकवण्या घेते. मागच्या महिन्यात लेकीला घेऊन घरी आली. चहा पिता पिता लेकीला म्हणाली, "या मावशींच्या हातून कधी चूक झाली नाही बघ. तेव्हा माझंच काहीतरी चुकलं. हो ना, मावशी?"

मी म्हणाले, हाव.

दुसऱ्यांदा. आणि तिची पोर माझ्या पाया पडली.

साखर नव्हती घातली गं, सुजाता. प्लेटांवरचं अक्षर माझं होतं.