नेटची घडी

सासूबाई गेल्या त्या वर्षी आमच्या घरी दिवाळी झाली नाही. आकाशकंदील नाही, घरचा फराळ नाही. नऊ वर्षांच्या मुलीने हे सगळं निमूट ऐकून घेतलं आणि विचारलं, "बट हॅलोवीन इज अलाउड, राइट?" हॅलोवीन काही पंचांगात नाही, तेव्हा मी हो म्हणाले.

मग मी दुबईतल्या मीना बाजारातून पांढरी ताणणारी नेट आणली, नाचाच्या कपड्यांना लावतात तसली. कोळ्याची जाळी करायला तिच्यासारखं दुसरं काही नाही. कात्रीने जागोजागी बारीक चिरा द्यायच्या आणि बोटं घालून दोन्हीकडे ओढायचं. चिरांची वेडीवाकडी भोकं होतात, मधले धागे लांबत जातात आणि बघता बघता कापडाचं जळमट होतं. जुमेरा लेक टॉवर्समध्ये आम्ही एकतिसाव्या मजल्यावर राहतो, खरा कोळी काही तिथवर चढत नाही. हॉलच्या कोपऱ्यापासून बाल्कनीच्या दारापर्यंत आम्ही दोघींनी तीन जाळी ताणून बसवली. एसी सुरू झाला की ती श्वास घेतल्यासारखी फुगायची आणि पुन्हा बसायची. मुलगी खूश होती. मला मात्र तिकडे बघवत नव्हतं.

आदल्या वर्षी दिवाळी आणि हॅलोवीन एकत्रच आले होते आणि सासूबाई पुण्याहून एकट्याच आमच्याकडे आल्या होत्या. तेव्हाही आम्ही अशीच जाळी केली होती. ऑफिसमधून येऊन बघते तर भिंती स्वच्छ. लक्ष्मीपूजनाला घरात जळमटं कशी ठेवायची, म्हणून त्यांनी सगळी उतरवली होती. माझी जीभ मुळातच तिखट. "तुम्हाला कुणी सांगितलं होतं? हे घर माझं आहे," मी म्हणाले. त्यांनी नेटची एकटीने जमेल तशी घडी घातली, बांगडीला अडकवलेली सेफ्टी पिन काढून घडीला लावली आणि टीपॉयवर ठेवली. विमानतळावर माफी मागू, असं मी ठरवलं. मग फोनवर मागू, असं ठरवलं. जूनमध्ये त्या गेल्या. हे भांडण मी कुणालाच सांगितलं नव्हतं, नवऱ्यालाही नाही.

तर, जाळी लावली त्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारी मी घरी आले. भिंती स्वच्छ होत्या. टीपॉयवर तीन घड्या होत्या, काठाला काठ जुळलेल्या, आणि प्रत्येक घडीला एक सेफ्टी पिन. मुलगी शाळेत, नवरा अबू धाबीच्या ऑफिसात. घरात फक्त सासरे होते. सासूबाई गेल्यापासून ते आमच्याकडेच असतात. ते खुर्चीत डुलक्या घेत होते.

"बाबा, जाळी तुम्ही काढलीत?"

"मी कशाला काढू?" ते म्हणाले, आणि खरोखरच गोंधळून भिंतींकडे बघू लागले.

मी एक घडी मोडून पुन्हा घालून बघितली. जमेना. ताणणारी नेट एकट्या माणसाला दाद देत नाही. एक टोक धरावं तर दुसरं आक्रसून जातं. पलीकडून कुणीतरी घट्ट धरायला लागतं.

संध्याकाळी नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, "अगं, बाबांनीच काढली असणार. विसरतात हल्ली. खलास, विषय संपला, उगाच टेन्शन घेऊ नकोस." मुलीने जाळी परत लावली. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. तीन घड्या, तीन पिना.

तिसऱ्या दिवशी मी हाफ डे टाकला आणि बाराला घरी आले. किल्ली आवाज न करता फिरवली. सासरे हॉलच्या मधोमध उभे होते. नेटची दोन टोकं त्यांच्या दोन हातांत, आणि नेट समोर बाल्कनीपर्यंत सरळ ताणलेली. दुसरी दोन टोकं दाराच्या हँडलला अडकवलेली आहेत, हे दिसायला मला एक क्षण लागला. तो क्षण मी अजून विसरलेले नाही. ते हँडलकडे बघून हळू आवाजात म्हणत होते, "सावकाश गं. पोरीला परत लावायचीय, फाडू नकोस."

आयुष्यभर दोघांनी साड्या आणि चादरी अशाच धरल्या असतील. मला भीती वाटत होती आणि रडूही येत होतं. मी पुढे जाऊन हँडलवरची टोकं सोडवली आणि माझ्या हातात घेतली.

"घट्ट धर," ते म्हणाले. "सैल घडी तिला चालत नाही."

मी घट्ट धरली. आम्ही जवळ आलो, काठ जुळवले, मागे सरलो, पुन्हा जवळ आलो. शेवटच्या घडीला त्यांची थंड बोटं माझ्या बोटांना लागली. आता नाही तर कधीच नाही, असं वाटलं.

"आई, चुकलं माझं," मी म्हणाले. "मी तसं बोलायला नको होतं."

ते दचकले नाहीत. काय बोललीस, असंही त्यांनी विचारलं नाही. माझ्या खांद्यावरून बाल्कनीकडे बघत ते थांबले, फोनवर पलीकडच्याचं बोलणं संपेपर्यंत आपण थांबतो तसे. मग त्यांनी खिशातून पिन काढून माझ्या तळहातावर ठेवली.

"असू दे, म्हणतेय," ते म्हणाले.