सैल साखळी

दिवस भरायच्या आधीच लेक झाली, तेव्हा मुलुंडच्या हॉस्पिटलात बाळांच्या काचेच्या खोलीबाहेर मी दिवसभर बसून असायचे. शेजारी क्रोशे विणत एक आजी बसायच्या. त्यांचा नातूही आतच होता. टाका चुकला की चष्मा कपाळावर सारून त्या लोकरीवरच डाफरायच्या, "नीट चल ना गं!"

एकदा मला म्हणाल्या, "नुसती काचेकडे काय बघतेस? लेकीला दुपटं कर."

त्यांनीच दिलेल्या सुई-लोकरीने मी पहिल्या ओळीची साखळी घातली, पण ती इतकी आवळली की सुई परत आत जाईना. आजींनी एका ओढीत सगळी उसवली. मला रागच आला. तिथे तेवढंच एक काम माझ्या हातून झालं होतं.

"घाबरून आवळतेस गं. पुढच्या ओळीला आत शिरायला जागा नको?" असं म्हणत त्यांनी आपली जाड सुई दिली. "साखळीपुरती ही घे, टाके सैल पडतील."

नातवाला घरी नेताना ती सुई त्यांनी माझ्याकडेच ठेवली.

काल शाळेच्या गेटवर लेक कुरकुरली, "आई, किती घट्ट धरतेस हात!"

मी पकड सैल केली. ती वळूनही न बघता आत पळाली, आणि मी मनातल्या मनात आजींना थँक्यू म्हटलं.